शनिवारचे दहा, रविवारचे सहा

सिमला ऑफिसात एकतीस वर्षं
मी उद्याचं हवामान लिहिलं
आणि परवा त्याबद्दल बोलणी खाल्ली.
मंडईतला कोथिंबीरवालासुद्धा विचारायचा,
"साहेब, आज कोरडं म्हणालात ना?
मग ताडपत्री काढूनच ठेवतो."
निवृत्त झालो तेव्हा वाटलं, सुटलो.

जावई आयोवात. मुलगा भला,
पण फोनवर आमची गाडी
"बरंय ना?" "बरंय"च्या पुढे सरकेना.
एका शुक्रवारी त्यानं यादी धाडली,
शनिवारी कॉलेजांचे दहा सामने,
रविवारी पगारी खेळाडूंचे सहा.
"बाबा, कोण जिंकेल ते सांगा.
तुमचा धंदाच तो."

खेळ मला कळत नव्हता.
म्हणायचं फुटबॉल, आणि पाय लावायचा क्वचित.
चेंडू म्हणजे दोन्ही टोकांनी ओढलेलं कवठ,
दहा यार्ड सरकायला चार संधी,
घटकेत माणसांचा ढीग, घटकेत पंचांची पंचाईत.
संघांची नावं अस्वलं, गरुड, मेंढे, घोडे.
पण वारा कळत होता.
सरोवराकाठचं मैदान, वायव्येचा वारा ताशी चाळीस,
पारा शून्याखाली चार:
अशात लांब फेकणाऱ्यांचं काही खरं नाही,
छाती पुढे करून घुसणारे घ्या.

सोळापैकी अकरा. निनादचे नऊ.
"बाबा, वेधशाळा चालतेय अजून!"

मग अप्पा बळवंत चौकातून चौकटीची वही आणली.
रकाने आखले: सामना, वारा, माझे टक्के, त्याचे टक्के, निकाल.
शनिवारी रात्री साडेनऊला तिकडे भर दुपार असते.
जेवणं आटपून, आवाज बंद ठेवून मी बसायचो,
कुंदा म्हणायची, मुक्यांची मारामारी बघताय.

पाच हंगाम. त्याला एकच गोष्ट शिकवली,
सत्तर टक्के म्हणालास
तर दहातले तीन चुकलेच पाहिजेत.
दहाच्या दहा बरोबर आले
तर तू अंदाज लिहीत नाहीस,
भीती लिहितोस.

मार्चमध्ये शाल्मली दोन बॅगा घेऊन
सहकारनगरला परत आली.
तिच्या जुन्या खोलीतलं इस्त्रीचं टेबल आम्ही हलवलं.
कारण मी विचारलं नाही,
कुंदानं विचारलं, आणि मला सांगितलं नाही.
त्यांच्या लग्नाला कुणी विचारलं असतं
तर मी किती दिले असते?
नव्वद.
आणि आजही नव्वदच देईन, त्यात चूक नव्हती.
उरलेले दहा कुठेतरी पडायचेच असतात.

सप्टेंबरचा पहिला शुक्रवार.
यादी आली. नमस्कार नाही, चौकशी नाही,
नुसते दहा आणि सहा.
कुंदा म्हणाली, "आता हा आपला कोण?"
साडूला शब्द आहे, व्याह्याला आहे,
मामेसासऱ्यालाही आहे.
याला माजी लावावं, तर आमदार वाटतो.
मी पेन्सिलीला टोक केलं.

वही आता पेपरखाली ठेवतो.
पेपर रोज शाल्मलीच आधी वाचते,
हे लक्षात यायला मला नोव्हेंबर उजाडला.

काल रात्री पाणी प्यायला उठली
आणि दारातच थांबली.
पडद्यावर शेवटचे चार सेकंद,
एक सडपातळ पोरगा, एकुलता एक पाय लावणारा,
त्रेचाळीस यार्डांवरून खांबांकडे बघत उभा.
"कुणाला दिलेत?"
"पिवळ्यांना. साठ."
"वारा?"
"आडवा."
तिनं बाटलीचं झाकण लावलं, परत काढलं.
"आणि त्यानं?"

मी वही उलटी करून तिच्यासमोर धरली,
त्याच्या रकान्यावर बोट ठेवून.
ती खाली वाकून वाचत राहिली,
त्या एका सामन्याला लागेल
त्याहून बराच वेळ.

तोवर किक मारून झाली होती.
मैदानात अर्धे लोक नाचत होते.
कुठले अर्धे, ते
आम्हा दोघांनाही दिसलं नाही.